संकेतार्थ आणि कालप्रवासाचे चित्रपट

'पाऊस पडला असता, तर पीक आले असते' हे संकेतार्थी वाक्य आपल्या परिचयाचे आहे. पाऊस पडला नाही आणि पीकही आले नाही, हे त्यातून आपोआप कळते. न घडलेले सांगतानाही हे वाक्य घडलेल्याचीच साक्ष देते. कालप्रवासाच्या अनेक चित्रपटांतील तर्कदोष या साक्षीचा विसर पडल्याने निर्माण होतो, असे माझे मत आहे.

'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) या चित्रपटातील मार्टी १९५५ साली पोहोचतो आणि आपल्याच आईवडिलांच्या पहिल्या भेटीत अडथळा ठरतो. आता त्यांचे लग्न झाले नाही, तर मार्टी जन्मणार नाही. मग ती भेट चुकवली कोणी? अखेरीस तो परततो, तेव्हा घर सुखवस्तू झालेले असते. त्याला मात्र जुनेच घर आठवते. या नव्या घरात लहानाचा मोठा झालेला मार्टी कोठे गेला, हे कोणीच विचारत नाही.

'द टर्मिनेटर'मध्ये (१९८४) जॉन कॉनरने भविष्यातून पाठवलेला सैनिकच जॉनचा पिता ठरतो. हे वर्तुळ विलक्षण असले, तरी सुसंगत आहे. दुसऱ्या भागात (१९९१) तेच भविष्य टाळण्याची धडपड आहे. ते टळले, तर पिता येणार नाही आणि जॉनही असणार नाही. तो मात्र पडद्यावर उभाच असतो.

करमणुकीत एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. कालयंत्र अशक्य आहे, अशी माझी तक्रार नाही. कल्पिताला तेवढी सवलत द्यावीच. परंतु कलाकृतीने स्वतः घातलेला नियम पाळावा, ही अपेक्षा रास्त आहे. 'ट्वेल्व्ह मंकीज' (१९९५) तो पाळतो: तेथे घडलेले बदलत नाही आणि त्याची किंमत नायक चुकवतो.

'तेव्हा शिक्षण सुटले नसते, तर…' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी मनाशी उच्चारले असेल. ज्याचे शिक्षण सुटले, तोच ते उच्चारू शकतो. ते खरे झाले असते, तर ते म्हणणारी आणि आज जिद्दीने ही पुस्तिका उघडणारी व्यक्तीच उरली नसती. बदललेले आयुष्य आणि जुना 'मी' ही दोन्ही एकाच वेळी मिळतात, असे भासवणारा चित्रपट ही किंमत लपवतो. म्हणून असा चित्रपट पाहताना त्याचे कथानक एका संकेतार्थी वाक्यात मांडा आणि ते वाक्य म्हणणारा शेवटी उरतो का, ते तपासा.