सांगलीची मिशी

मामेभाऊ महिनाभर मागे लागला होता. त्याला हळदीच्या पाकिटावर सांगली हवी होती. "ताई, आपल्या लहानपणच्या टीव्ही गेमसारखी काढ की! सगळं ठोकळ्याठोकळ्यांचं." मला काय, निमित्तच हवं होतं. चौकटीची वही घेऊन बसले.

वाटतं तितकं ते सोपं नाही हं. जुन्या गेममध्ये एका पात्राच्या वाट्याला मोजकेच ठिपके यायचे. 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये मारिओला मिशी आली ती त्यामुळेच. तेवढ्या ठिपक्यांत तोंड काढणं अवघड, मिशी काढली की भागतं. म्हणजे ज्याच्यावाचून ओळख पटणार नाही, तेवढंच ठेवायचं.

मग सांगलीची मिशी कोणती? गणपतीचं देऊळ आणि 1929 चा आयर्विन पूल तर कुणालाही सुचेल. पण पाकीट हळदीचं! मला आठवलं ते हरिपूरचं पेव. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे खणायचे, तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. वहीत काढलं तर थेट मारिओ ज्यात उतरतो तो पाइप! मी खूश, भाऊही खूश.

पण रंग भरताना हात अडला. 2005 च्या पुरात याच पेवांत पाणी शिरलं, हळद नासली. पेवांचे दिवस तिथून फिरले. आता माल गोदामात आणि शीतगृहात जातो. मग कोरडं ठणठणीत पेव काढून आपण नक्की कशाचं कौतुक करतोय?

म्हणून पाकिटाच्या कडेला मी एक पट्टी काढली, पुलाजवळ पाणी मोजतात तशी. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका आणि अगदी वर, 57 वर, निळा ठिपका : ऑगस्ट 2019. भाऊ म्हणाला, "अगं, पूर बघून गिऱ्हाईक पळेल!" मामी मात्र पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आपलं घर कितीवर येतं गं यात?"

मला वाटतं, गावाचं कौतुक करताना आपण फार लवकर पिक्चर पोस्टकार्डावर जातो. जुन्या गेमचं रूप तर त्याला अगदी सोयीचं. सगळं गोड, सगळं लहानपणीचं. पण गावाची हळद जिने पिकवली तीच नदी घरातही शिरते, आणि सांगलीकर पावसाळ्यात भेटला की आधी "पाणी किती फुटांवर?" हेच विचारतो. इतकी पक्की ओळख खोडून उरलेल्या ठिपक्यांना सांगली कसं म्हणायचं?

भाऊ अजून कुरकुरतोय. पट्टी ठेवायची तर पेव थोडं लहान करावं लागेल, ते मी करीन. निळा ठिपका मात्र हलवणार नाही. तुम्ही तुमच्या गावाचं पाकीट काढलंत, तर त्याची मिशी कोणती?