दक्षिणा चालते, माणूस चालत नाही!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, लोकांनी ब्राह्मण्याकडे पाठ का फिरवली, असे विचारले की शास्त्रीबुवा म्हणतात, 'कलियुग आले, नास्तिक माजले!' आम्ही म्हणतो, बुवा, जरा जुनी वही उघडा.

जन्माला दक्षिणा, लग्नाला दक्षिणा, मेल्यावर दहाव्या-तेराव्याला दक्षिणा! कुणब्याचे पीक बुडो की तरो, भटजींची सुगी बारमाही! १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून पहिले लग्न लागले. पुढे १८८४ साली जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी तोच कित्ता गिरवला, तेव्हा ग्रामजोशी कोर्टात गेले. मंत्र म्हटला नाही, अक्षता टाकली नाही, तरी हक्काचा पैसा द्या! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. खटला हायकोर्टापर्यंत चढला आणि १८९० साली रयतेची सरशी झाली. आता सांगा, या लोकांनी देव सोडला की दलाल?

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. नाशिकच्या काळारामाचे दार उघडावे म्हणून २ मार्च १९३० पासून अस्पृश्य बंधूंनी सत्याग्रह केला. हे का नास्तिक होते? रामाच्याच दर्शनाला आले होते ना? वर्षांमागून वर्षे गेली, दार उघडले नाही. तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १९५६ साली नागपुरास बौद्ध धम्म घेतला. दार लावणाऱ्यांनीच 'लोक का गेले?' म्हणून विचारावे, हा कुठला न्याय?

आमचे भांडण ब्राह्मण माणसाशी नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास मनुस्मृती जाळली, त्या ठरावाचे पुढारी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. उलट आपल्यातला जो पाटील शेजारच्या वस्तीत घोटभर पाणी पीत नाही, तो जानव्यावाचूनही अस्सल भट होय!

आमच्या इगतपुरीकडे भाताच्या आवणीला मजुरी द्यायला पैसा नसतो, पण ग्रहशांतीला उसना मिळतो. बंधूंनो, आधी पोरीची फी भरा. ग्रहांना थांबायला सांगा; त्यांची काही परीक्षा जवळ आलेली नाही!

— एक गावगुरुजी, इगतपुरी