नोंदवहीच्या आधीचे दिवस

कर्जतहून आगगाडी बोरघाट चढू लागली, की खंडाळ्याच्या अलीकडे ठाकुरवाडी नावाचे एक लहानसे ठाणे लागते. परंतु कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ठाकुरवाडी एकच आहे असे मात्र नव्हे. माथेरानच्या उतारावर, इर्शाळगडाच्या परिसरात, भीमाशंकरकडे चढत जाणाऱ्या रानात, जेथे जेथे ठाकर समाजाची घरे एकत्र वसली तेथे तेथे हे नाव पडत गेले, आणि डोंगरावरील कित्येक वाड्यांपर्यंत आजही गाडीचा रस्ता पोहोचलेला नाही. अशा वाडीतील गर्भवतीस प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर झोळीत घालून खाली आणावे लागते, ही वार्ता पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येते, वाचकाचे मन हळहळते, आणि ते योग्यच आहे. रस्ता झालाच पाहिजे. तथापि या आठवड्यात मला त्या झोळीच्या आठ महिने आधीच्या काळाविषयी लिहावयाचे आहे. त्या काळाची बातमी होत नाही, कारण आपल्या उदरात काय घडत आहे याची जाणीव तेव्हा खुद्द त्या स्त्रीलाही नसते.

गर्भधारणेपासून दिवस मोजू लागलो, तर सहाव्या-सातव्या दिवशी तो सूक्ष्म पेशीपुंज गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. पाळी येण्याची तारीख उजाडते त्या सुमारास त्याची इवलीशी चकती तीन थरांत विभागण्याच्या बेतात असते, आणि त्या तीन थरांतूनच पुढे त्वचा व मज्जासंस्था, अस्थी व स्नायू, फुप्फुसे व आतडी ही सारी निपजावयाची असतात. २२व्या दिवसाच्या आसपास हृदयाची नळी स्पंदू लागते. याच सुमारास पाठीच्या बाजूस एक पन्हळ पडलेली असते, तिच्या कडा उंचावत एकमेकींस मिळतात आणि पन्हळीची नलिका होते. हीच मेंदूची व मज्जारज्जूची मूळ घडण होय, आणि तिची दोन्ही टोके २८व्या दिवसापर्यंत मिटावी लागतात. ती मिटावीत यासाठी मातेच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व पुरेसे असणे अगत्याचे असते. एकदा मुदत टळली, म्हणजे मागाहून कितीही गोळ्या दिल्या तरी ते टोक मिटत नाही. आता हिशेब पाहावा: २८वा दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतरचा जेमतेम दुसरा आठवडा. या वेळी नवविवाहिता पाळीची वाट पाहत असते, किंवा कष्टाच्या दिवसांत पाळी मागेपुढे होतेच असे समजून कामाला जात असते. आठवा आठवडा संपतो तेव्हा सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या त्या भ्रूणात जवळजवळ प्रत्येक अवयवाचा आरंभ झालेला असतो. हाताची बोटेदेखील सुटी झालेली असतात.

आपल्या पूर्वजांनीही या क्रमाचे चिंतन केले होते. गर्भोपनिषदात सात रात्रींत बुडबुडा, पंधरवड्यात पिंड, महिन्यात काठिण्य, दुसऱ्या महिन्यात मस्तक आणि तिसऱ्यात पाय असा अनुक्रम सांगितला आहे. सूक्ष्मदर्शकाचा आधार नसता मस्तक आधी व पाय मागाहून हे त्यांनी ओळखले, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. नाक, डोळे व कान मात्र त्यांनी सहाव्या महिन्यात घातले, ते प्रत्यक्षात दुसऱ्याच महिन्यात आकारू लागतात. पोट दिसू लागल्यानंतर काळजी सुरू करणारा आपला लोकव्यवहारही असाच मागाहून जागा होतो.

पुढील महिने मुख्यत्वे वाढीचे. वारेच्या एका बाजूस मातेचे रक्त, दुसऱ्या बाजूस बाळाचे, आणि मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू व अन्न यांची अखंड देवघेव. येथून पुढचे आठवडे दवाखान्याच्या रीतीने, शेवटच्या पाळीपासून मोजले, तर पहिलटकरणीस १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाची हालचाल जाणवू लागते. २८ आठवड्यांचा गर्भ सुमारे १ किलोचा असतो, आणि जन्मापर्यंत त्याचे वजन दुपटीतिपटीने वाढते. यकृतात लोहाचा साठाही तो याच अखेरच्या तिमाहीत करून ठेवतो. माता रक्तक्षीण असेल तर तो साठा अपुरा पडण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रातील गर्भवतींच्या आहाराचा सर्वांत कसोशीने झालेला अभ्यास सह्याद्रीच्या पलीकडचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या ६ खेड्यांत तो आरंभला. गरोदर होण्यापूर्वी त्या स्त्रियांचे वजन सरासरी ४२ किलोंच्या आसपास होते, आणि त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची जन्मली. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर खात, त्यांची बाळे तुलनेने सुदृढ होती. ज्यांच्यावर शेताचा व घराचा बोजा अधिक, त्यांची बाळे लहान होती. आणखी विलक्षण गोष्ट अशी, की या सडपातळ अर्भकांत स्नायू व अंतर्गत अवयव कमी भरलेले, परंतु चरबी मात्र राखलेली आढळली. प्रौढपणीच्या मधुमेहाचे बीज तेथे असावे असा या संशोधकांचा तर्क आहे.

मुंबईच्या वस्त्यांत पुढे झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासूनच पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला. किमान तीन महिने आधीपासून तो खाणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. परंतु या निष्कर्षाच्या पोटात एक दुःखद गोष्ट दडलेली आहे: ज्या स्त्रिया मुळातच फार कृश होत्या, त्यांच्या बाळांना हा लाभ मिळाला नाही. मला हा आकडा वाचून ठाकुरवाडीतील मुलीच आठवल्या. ज्या देहास बालपणापासून पोटभर मिळालेले नाही, त्याची तूट तीन महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही.

आणि तरीही वाडीत अन्नाचे ज्ञान नाही असे कोणी म्हणू नये. मृगाच्या सरी पडल्या की शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी यांचे भारे घेऊन ठाकर बायका नेरळ-कर्जतच्या बाजारात बसतात, आणि आपण शहरवासी ती रानभाजी चवीने खातो. ओढ्यातले खेकडे व घरातली सुकट यांतून ब-१२ हे वनस्पतीत न सापडणारे जीवनसत्त्वही मिळते. अडचण आहे ती ऋतूची. आषाढात रान हिरवे असते तेव्हा कणगीतला दाणा तळाला गेलेला असतो, आणि त्याच दिवसांत ओणव्याने भातलावणी चालू असते. फाल्गुन-वैशाखात पाला नाहीसा होतो आणि पाण्याचे हंडे दूरवरून आणावे लागतात. शिवाय भारंगीसारखी कडवट भाजी उकडून, पिळून, पाणी टाकूनच करावी लागते, आणि फोलेट हे पाण्यात उतरणारे. त्या २८ दिवसांचा भरवसा एकट्या रानावर टाकता येत नाही.

सरकारी दफ्तरात गर्भवतीची नोंद पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी असा दंडक आहे, आणि तो पाळला गेला तरी त्या वेळेपर्यंत अवयवांची मूळ घडण आटोपलेली असते. ही उणीव सरकारला ठाऊक नाही असेही नाही. २०१८च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तिमाहीअखेर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे अशी सूचना आहे, आणि २० ते ४९ वर्षांच्या गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी आठवड्याला एक लोहाची गोळीही नेमून दिली आहे. तजवीज आहे, ती डोंगर चढून वर जात नाही, एवढेच.

त्यासाठी नवे खाते उघडण्याची जरुरी नाही. लग्न होऊन मुलगी वाडीत आली, की आशाताईंच्या पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत तिचे नाव चढते, पण ते मुख्यतः कुटुंबनियोजनाच्या कामी येते. ते नाव चढेल त्याच दिवशी तिच्या हाती फॉलिक आम्लाच्या गोळ्या पडाव्यात, त्याच आठवड्यात कशेळे किंवा चौक येथील ग्रामीण रुग्णालयात तिचे हिमोग्लोबिन तपासले जावे, आणि वजन कमी भरल्यास अंगणवाडीतील शिधा तिला गर्भवती होण्याची वाट न पाहता मिळावा. यांपैकी शिध्याची गोष्ट आजच्या नियमांत बसत नाही. तेव्हा तो नियम बदलावा, अशी माझी जिल्हा परिषदेच्या व शासनाच्या अंमलदारांना आग्रहाची विनंती आहे.