आजार बाबांचा, निर्णयही बाबांचाच

सप्टेंबर महिना जगभर प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. तो सरतो न सरतो तोच १ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरवलेला, ज्येष्ठ नागरिक दिन येतो. या निमित्ताने शाली-श्रीफळांचे कार्यक्रम होतील, ते व्हावेतच. पण वडीलधाऱ्यांचा खरा मान कुठे राखला जातो आणि कुठे नकळत हिरावला जातो, हे पाहायचे तर कर्करोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसावे.

डॉक्टरांच्या टेबलासमोर तीन खुर्च्या असतात. फाइल मुलाच्या मांडीवर, प्रश्न मुलाचे, उत्तरेही मुलाकडे बघून दिलेली. बाबा शेजारी बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत असतात. त्याआधी दारातच मुलीने डॉक्टरांना हळूच सांगितलेले असते, ‘त्यांच्यासमोर कॅन्सर म्हणू नका, गाठ आहे एवढंच सांगा.’ हे सारे मायेपोटीच घडते, यात शंका नाही. तरीही ते चुकीचे आहे. ज्या माणसाने घर बांधले, मुलांची शिक्षणे केली, लग्ने लावली, त्याला स्वतःच्या शरीरात काय चालले आहे हे कळण्याचा अधिकार वय झाले म्हणून संपत नाही. आणि बाबांना कळतेच. रुग्णालयाच्या पाटीवरून, शेजारच्या बाकावरच्या माणसांवरून, घरच्यांच्या बदललेल्या सुरावरून कळते. मग तेही कळले नसल्याचे सोंग घेतात आणि ऐन गरजेच्या वेळी घरातला संवाद तुटतो.

प्रोस्टेटच्या कर्करोगात तर रुग्णाला अंधारात ठेवून चालतच नाही. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असणारी ग्रंथी. उतारवयात ती वाढते, लघवीची धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. बहुतेकदा ही वाढ साधी असते. कर्करोग मात्र सुरुवातीला बहुधा चाहूलही देत नाही. या ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या पीएसए या प्रथिनाचा आकडा ४ च्या वर गेला की घरात धाबे दणाणते. पण लघवीतल्या जंतुसंसर्गाने किंवा साध्या वाढीनेही हा आकडा चढतो. म्हणून गरजेप्रमाणे पुन्हा तपासणी, मग एमआरआय आणि शेवटी बायोप्सी. बायोप्सीआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगायचे. नंतर काही दिवस लघवीतून थोडे रक्त जाऊ शकते, हेही बाबांना आधी ठाऊक हवे. नाहीतर बाथरूममध्ये एकट्यानेच ते घाबरून जातात.

बायोप्सीतला ग्लीसन स्कोअर आजाराचा जोर सांगतो आणि तिथून खरे निर्णय सुरू होतात. स्कोअर ६ असेल, तर अनेकदा ठरावीक काळाने तपासण्या करीत नुसती देखरेख ठेवणेही पुरते. ग्रंथीपुरत्याच मर्यादित कर्करोगाविषयी ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली आले. देखरेख, शस्त्रक्रिया वा किरणोपचार, कोणताही मार्ग घेतला तरी या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण शेकडा ३ च्या आसपासच राहिले. जोरदार किंवा पसरलेल्या आजाराची गोष्ट वेगळी, तिथे उपचारांत दिरंगाई नको. पण जिथे निवडीला वाव आहे, तिथे शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटणे, वैवाहिक जीवनावर परिणाम होणे, किरणोपचारांनंतर शौचाचा त्रास होणे यांतले काय सोसायचे आणि काय नाही, हे बाबांखेरीज कोण ठरवणार? हे प्रश्न मुला-सुनेसमोर त्यांच्या तोंडून निघत नाहीत. म्हणून दहा मिनिटे उठून बाहेर जावे आणि त्यांना डॉक्टरांशी एकटे बोलू द्यावे.

आईलाही सोबत घ्यावे. पुरुषी संप्रेरक दाबले की हा कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज तेच काम महिन्याचे वा तीन महिन्यांचे इंजेक्शन करते. त्याने अंगातून वाफा निघतात, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात, रडू कोसळते, संताप अनावर होतो. ‘म्हातारपणी स्वभाव बिघडला’ असे घर म्हणते. पाळी जाताना हेच भोगलेली आई मात्र त्या वाफा लगेच ओळखते. तिला कारण सांगितले, तर तिच्याइतकी जाणती सोबत दुसरी नाही.

मग मुलांनी करायचे काय? पुष्कळ काही. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावणे, पीएसएचे आकडे एका वहीत उतरवणे, किरणोपचारांच्या दिवशी भरलेले मूत्राशय घेऊन ताटकळताना शेजारी बसणे, पॅड गाजावाजा न करता आणून कपाटात ठेवणे. पैशांची तजवीजही आलीच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, तर ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना आयुष्मान भारत योजनेतून उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. परळच्या टाटा रुग्णालयात गावाहून येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. परदेशातल्या मुलांनी रिपोर्टचे फोटो मागवण्याआधी बाबांशी फोनवर बोलावे.

मुलग्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. वडिलांना हा आजार असेल, तर त्यांचा स्वतःचा धोकाही साधारण दुप्पट होतो. पंचेचाळिशीत डॉक्टरांशी पीएसएविषयी बोलून घ्यावे. पण त्याआधी, पुढच्या तपासणीला जाताना फाइल बाबांच्या हाती द्यावी, डॉक्टरांसमोरची मधली खुर्ची त्यांना द्यावी आणि विचारावे, ‘बाबा, तुमच्या मनात काय आहे?’ मग ते सांगतील त्याप्रमाणे वागावे. ज्येष्ठ नागरिक दिनाचा खरा सत्कार तो आहे.