यादीत नसलेला डोंगर

रायगडात डोंगराने कोसळण्याआधी सरकारी यादी बघायची असते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा विधानसभेत सांगितले गेले की वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे गुन्हा डोंगराचा!

महाड-पोलादपूरला याची सवय आहे. जुलै 2005 मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथल्या दरडींनी जवळपास दोनशे माणसे गिळली. 22 जुलै 2021 ला तळिये गेले, ऐंशीहून अधिक बळी. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी. त्या चोवीस तासांत वर महाबळेश्वरात 594 मिलिमीटर पाऊस झाला होता.

उताराच्या स्थैर्याचे जे अहवाल माझ्या हाती आले, त्यांच्याशी माझे भांडण पाण्यावरून आहे. काँप्युटरवर डोंगराचा छेद काढायचा, मातीला धरून ठेवणाऱ्या ताकदीला घसरवणाऱ्या जोराने भागायचे, हा सुरक्षा गुणांक 1 च्या बऱ्यापैकी वर आला की उतार पास. पण 30 अंशांचा उतार घ्या, माती सुटी, घर्षणकोन 35 अंश. कोरड्यात गुणांक 1.2 येतो. पाणी पृष्ठभागापर्यंत चढून उताराबरोबर वाहू लागले की तोच 0.6 च्या आसपास. माती तीच, उतारही तोच! आमच्याकडे वरची माती आणि मुरूम पाणी पितात, खालचा पाषाण ते सहजी पुढे जाऊ देत नाही. दाब चढतो तो या सांध्यावर. तो मोजायचा तर उतारात भोक पाडून नळी बसवावी लागते आणि भर आषाढात वाचावी लागते. साहेब मात्र मे महिन्यात नमुने नेतात, कारण तेव्हा जीप वर जाते. पुढे घाटरस्ता रुंद करायला पोकलेन पायथा खातो. छेद बदलतो, अहवालातला आकडा हलत नाही.

मॉडेल नको असे मी म्हणत नाही. दरड सुटली त्या क्षणी गुणांक 1 होता, एवढे नक्की. त्यावरून उलटे गणित मांडून मातीची खरी ताकद काढता येते आणि शेजारचे उतार तपासता येतात. त्याची किंमत तळियेने आधीच मोजली आहे.

तेव्हा महाडकरांनो, पोलादपूरकरांनो, ग्रामसभेत आपल्या वरच्या डोंगराचा अहवाल मागा. 'सुरक्षित' हा शब्द वाचून उठू नका. पाणी कुठवर चढलेले धरले, ते कुणी आणि कोणत्या महिन्यात मोजले, हे विचारा. उत्तर येईपर्यंत अहवाल मान्य करणाऱ्या ठरावावर सही करू नका.