फॉरमॅट मारण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात, भाऊबीजेसाठी मी चांदनीला ताईकडे गेलो होतो. चांदनी कुठे आले, असे आमच्या स्टाफरूममध्येही विचारतात, म्हणून सांगून टाकतो. भुसावळहून खंडव्याकडे निघाले की बुरहानपूर मागे पडते, मग असीरगड रोड, मग चांदनी, आणि त्याच्या पुढचे स्टेशन कागद कारखान्याचे नेपानगर. जिल्हा मध्य प्रदेशातला, बाजारातली बोली हिंदी, पण ताईच्या स्वयंपाकघरात अजून मराठीच बोलतात. आपण सीमाभागातली माणसे. दोन भाषांत उठबस करणारे गाव आपल्याला परके वाटायचे कारण नाही.

माझ्या भाच्याचे तिथे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे लहानसे दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि भिंतीवर दरपत्रक. मी पोचलो तेव्हा दुकानात एक बाप आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी बसलेली होती. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. बाप केळीच्या बागेतले काम टाकून आलेला. आणि भाचा डोक्याला हात लावून म्हणत होता, "मामा, नेट गेलं. मशीनच गेलं वाटतं."

झाले होते ते असे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तशा सूचना पडद्यावर बरेच दिवस येत होत्या. भाच्याने आदल्या रात्री कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेला. रात्रभर चक्र फिरले, सकाळी मशीन नव्या रूपात सुरू झाले, जुन्या फाइली सगळ्या जागच्या जागी. फक्त इंटरनेट नाही. त्याने राऊटर बंद-चालू केला. मग मोबाइल केबलने जोडून मोबाइलचे नेट देऊन पाहिले. तेही नाही. तेव्हा त्याने बुरहानपूरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. पलीकडून उत्तर आले, "फॉरमॅट मारावा लागेल. संध्याकाळी आणून टाका."

फॉरमॅट! त्या डिस्कवर गावातल्या निम्म्या लोकांच्या उधारीची वही होती, चार वर्षांचे स्कॅन होते, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. माझ्या या लेखाचे कारण हा एकच शब्द आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर अडला की पहिला उपाय म्हणून आपण शेवटचा उपाय करतो. घरात दिवा लागला नाही तर आपण आधी बल्ब बघतो, मग फ्यूज बघतो, मग शेजाऱ्याकडे दिवा आहे का ते बघतो. घर पाडून पुन्हा बांधायला कोणी निघत नाही. मग कॉम्प्युटरच्या बाबतीतच आपली ही साधी बुद्धी कुठे जाते?

बुरहानपूरला कधी गेलात तर कुंडी भंडारा अवश्य पाहा. इ.स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. वर ठरावीक अंतरावर विहिरींसारख्या कुंड्या, शंभराच्या वर. त्या कुंड्यांमुळे खाली हवा-उजेड जातो आणि माणसालाही उतरता येते. आता समजा, शहरात पाणी येईनासे झाले. कुंड्या नसत्या तर एवढेच कळले असते की पाणी नाही. कुंड्या आहेत म्हणून एकेकीत डोकावता येते. या कुंडीत पाणी आहे, पुढच्या कुंडीत नाही. म्हणजे अडथळा या दोहोंच्या मधे. बोगदा नव्याने खणायचे कारण नाही.

कॉम्प्युटरच्या जाळ्यालाही अशा कुंड्या असतात. आम्ही त्या दुपारी त्यांतच डोकावलो. राऊटरवरचे दिवे नेहमीसारखे. त्याच राऊटरवर ताईच्या मोबाइलला नेट मिळत होते; म्हणजे बाहेरची वाट मोकळी. केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली, तो लगेच चालला. म्हणजे केबल ठीक. उरला तो कॉम्प्युटर. आणि इथे भाच्याने केलेला मोबाइलचा प्रयोग फार मोलाचा ठरला. त्याला वाटले, मोबाइलनेही नेट येत नाही, म्हणजे मशीनच संपले. माझे म्हणणे उलट होते. दोन वेगवेगळ्या वाटा एकाच वेळी बिघडणे कठीण; तेव्हा दोन्ही वाटा जिथे मिळतात, म्हणजे विंडोजच्या आत, तिथे काहीतरी आडवे पडले आहे.

काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' लिहिले. पत्ता आला १६९.२५४ ने सुरू होणारा. हा आकडा प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा असा आहे. कॉम्प्युटर राऊटरकडे पत्ता मागतो. उत्तर आले नाही की स्वतःच स्वतःला असा एक पत्ता लावून घेतो. म्हणजे तो मुका नव्हता, बहिरा झाला होता: कार्ड जागे होते, पण निरोप पोचत नव्हते. मग नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांची यादी उघडली. तीत एका जुन्या अँटीव्हायरसची गाळणी बसलेली दिसली. त्या अँटीव्हायरसची मुदत केव्हाच संपली होती, भाचा त्याला विसरूनही गेला होता; पण जाणारा-येणारा प्रत्येक निरोप त्याच्या गाळणीतून जात होता. नवी विंडोज आणि जुनी गाळणी यांचे जमले नाही. मी त्या ओळीसमोरची बरोबरची खूण काढली. दहा सेकंदांत १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आला आणि भाच्याच्या चेहऱ्यावर रंग आला. नंतर तो जुना अँटीव्हायरस मुळासकट काढला; विंडोजचे स्वतःचे संरक्षण आपोआप जागे झाले.

यात माझी काही हुशारी नाही. असे पूर्वीही घडले आहे. विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला. तेव्हा ज्यांच्या मशीनवर जुनी व्हीपीएन सॉफ्टवेअरे होती, त्यांतल्या अनेकांना अपग्रेडनंतर वायफायची यादीच दिसेना. कारण हेच, मधे बसलेली जुनी गाळणी. मायक्रोसॉफ्टने तिचा उपायही प्रसिद्ध केला होता. दहा वर्षांनी तोच प्रकार चांदनीत, एवढेच.

पण गोष्ट इथे संपत नव्हती. स्कॅनर जोडलेला होता दुसऱ्या, विंडोज ७ च्या जुन्या कॉम्प्युटरला. तिथे स्कॅन केलेला कागद एका सामायिक फोल्डरमध्ये पडायचा आणि नव्या मशीनवरून उचलला जायचा. आता नवे मशीन त्या फोल्डरचे दार उघडेना. मुलीचे कागद आम्ही पेन ड्राइव्हने इकडून तिकडे नेले आणि अर्ज संध्याकाळी गेला. बापाने पावती दोनदा घडी घालून खिशात ठेवली. दाराचा प्रश्न सकाळवर टाकला.

ताई मात्र जेवताना म्हणाली, "चालत होतं ते कशाला बिघडवलंस रे?" तिचा प्रश्न रास्त आहे, आणि तो केवळ ताईचा नाही, आमचे कितीतरी सहकारी हाच प्रश्न विचारून अपग्रेड टाळतात. त्याला उत्तर द्यावयाचे तर २०१७ साली जावे लागेल. त्या वर्षी १२ मे ला 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला जगभर पसरला. कॉम्प्युटरांनी आपापसांत फाइली देण्या-घेण्याची जी एक जुनी पद्धत होती, एसएमबी पहिली आवृत्ती, तिच्यातल्या भगदाडातून तो शिरत होता. ते बुजवण्याची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. असंख्य लोकांनी ती घेतली नव्हती. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. त्याने तेच भगदाड वापरले आणि त्याची झळ थेट आपल्या महाराष्ट्रात, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचली. तिथल्या मेर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले आणि कंटेनरांचे काम ठप्प झाले. त्याच वर्षीच्या शरदात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती जुनी पद्धत नव्याने विंडोज बसवताना मुळात बसवणेच बंद झाले. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले: 'प्रो' प्रकारात आता नाव-गाव न सांगता, पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जाता येत नाही.

भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर पासवर्डच नव्हता. येईल त्याला दार उघडे. नव्या मशीनने तिथे जाणे नाकारले, हा बिघाड म्हणावयाचा काय? ज्या दुकानात गावाची आधार कार्डे आणि बँकेची पासबुके स्कॅन होतात, तिथे दाराला कडी नव्हती, हीच मूळची चूक. अपग्रेडने ती उघड केली. सकाळी आम्ही जुन्या मशीनवर एक नाव आणि पासवर्ड तयार केला, नव्या मशीनला तो सांगितला, दार उघडले. विंडोज ७ चा आधार तर १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे. म्हणून त्या मशीनला हाताने पत्ता लिहून दिला आणि गेटवेची जागा रिकामी ठेवली. आता ते शेजाऱ्याशी बोलते, बाहेरच्या जगाकडे जात नाही. हा पक्का बंदोबस्त नव्हे. स्कॅनर बदलायला पैसे येईपर्यंतची सोय.

यू-ट्यूबवर अशा वेळी दुसराच उपाय सांगतात: ते नवे नियम बंद करून टाका. दोन मिनिटांत काम होते, यात शंका नाही. पण तसे करणे म्हणजे कडी काढून पुन्हा दार सताड उघडे ठेवणे. अगदीच नाइलाज असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा निदान आपण काय करतो आहोत ते ठाऊक असावे.

आता आपल्या घरचे. एका कॉलेजात (कोणत्या ते विचारू नये) प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर अपग्रेड झाले आणि त्यांना प्रिंटर दिसेनासा झाला. तीन आठवडे मुले रिकामी बसली. शेवटी सर्व मशीने फॉरमॅट झाली आणि त्याबरोबर शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांचे प्रोजेक्ट गेले. त्याच प्रयोगशाळेत त्याच मुलांना जाळ्याचे सात थर शिकवलेले होते. ते प्रारूप आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९८४ साली प्रसिद्ध झाले, हे उत्तरपत्रिकेत लिहिलेलेही होते. सातही थरांची नावे पाठ. पण समोरच्या मशीनमध्ये कितव्या थरावर पाणी अडले, हे बघायला एकही विद्यार्थी उठला नाही. आणि प्राध्यापकही नाही. त्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. मला चांदनीत जे सुचले ते तिथे सुचले नाही, कारण तिथे दुरुस्तीवाल्याला बोलावण्याचा अधिकार आणि खर्च दुसऱ्याचा होता.

दुरुस्तीवाल्याला मी दोष देत नाही. फॉरमॅटला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक आहे. दोष शोधायला किती लागेल हे कोणालाच ठाऊक नसते. आणि एक खूण काढली म्हणून चारशे रुपये मागितले तर गिऱ्हाईक देईल काय? फॉरमॅटचे मात्र देते.

म्हणून माझे म्हणणे विद्यार्थ्यांपेक्षा अधिक आम्हा शिकवणाऱ्यांना उद्देशून आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत एक मशीन मुद्दाम बिघडवून द्यावे. कुठे केबल सैल, कुठे पत्ता चुकीचा, कुठे घड्याळ पाच वर्षे मागे. (घड्याळ मागे पडले तरी वेबसाइटी उघडत नाहीत, प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून, आमच्या विभागात हे कळायला एक दिवस गेला होता.) गुण दुरुस्तीला नकोत. विद्यार्थ्याने काय पाहिले, त्यावरून काय ठरवले, आणि पुढे कुठे पाहिले, हे त्याने वहीत लिहावे. त्याला गुण द्यावेत. शेवटी दोष नाही सापडला तरी हरकत नाही. प्रयोगशाळेतही एक साधी वही असावी: या तारखेला या मशीनवर अमुक बदलले. अपग्रेड करण्यापूर्वी फाइलींची दुसरी प्रत, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर, आणि जुने पत्ते कागदावर. नेट गेल्यावर नेटचा ड्रायव्हर नेटवरून कसा उतरवणार, हा विनोद आम्ही प्रत्यक्ष अनुभवला आहे.

यासाठी नव्या इमारतीची गरज नाही, अनुदानाची नाही. आपल्या कन्नड विभागातले सहकारी आणि आम्ही मिळून एका शनिवारी अशी चार मशीने बिघडवून ठेवू शकतो.

परवा भाच्याचा फोन आला. मी विचारले, "काय रे, पुन्हा नेट गेलं?"

"हो मामा. पत्ता मिळतोय, राऊटर उत्तर देतो, आकड्याने बाहेर पण जाता येतं. नावाने जाता येत नाही."

"मग डीएनएस बघ."

"तेच बघतोय. तुम्हांला नुसतं कळवलं."