बिऱ्हाड हलवताना हक्कही हलवावे लागतात

दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चौकशी ट्रकची होते. पॅकर्स-मूव्हर्सवाला किती घेतो, कपाट सुटं होतं का, फ्रिज आडवा न्यायचा की उभा, गॅस सिलिंडर नेता येतो का. (सिलिंडर न्यायचा नसतो. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि नव्या गावी त्यावर जोडणी घ्यायची.) या प्रश्नांची उत्तरं कुणीही देतं. पण बिऱ्हाडातला सगळ्यात मोलाचा जिन्नस या यादीत नसतोच. तो म्हणजे नागरिक म्हणून आपल्याला मिळालेले हक्क. ते आपोआप ट्रकमध्ये चढत नाहीत. काही हक्क अर्ज करून हलवावे लागतात, आणि जे हलत नाहीत त्यांचे पुरावे गाव सोडण्याआधी गोळा करावे लागतात.

मी कोरेगाव भीमाचा, तालुका शिरूर. इंजिनीअरिंग झाल्यापासून नगर रोडच्या ट्रॅफिकमधून रोज खराडीला ये-जा करतो आहे. आता कंपनीने हैदराबादचं काम दिलं आहे. पत्नी दौंडची, मुलगी तिसरीत. येत्या जूनमध्ये आमचं घर इथून साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर लागेल. आमच्या धंद्यात एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर माहिती हलवताना एक शिस्त पाळतात: आधी यादी, मग प्रत, मग हलवणं, मग नव्या ठिकाणी एकेक नोंद पोचली का याची तपासणी. जुनं पुसायचं ते सगळ्यात शेवटी. गेले दोन महिने घरातल्या कागदांना हीच शिस्त लावतो आहे, आणि त्यातून जे कळलं ते इथे मांडतो आहे.

संविधानाचं कलम १९(१)(ई) सांगतं की भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. वाक्य स्वच्छ आहे. पण राहण्याचा हक्क सोबत येतो म्हणून बाकीचे हक्क सोबत येतात, असं नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. आंध्रातल्या अनुसूचित जमातीतला एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे वयाच्या नवव्या वर्षी मुंबईत आला. शाळा आणि बारावी मुंबईतच झाली. मेडिकलला राखीव जागा मागितली तेव्हा त्याला नकार मिळाला, कारण त्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेलं. १९९० मध्ये सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या त्या खटल्यात निकाल लागला: एका राज्यातली अनुसूचित जाती-जमातीची ओळख स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या एका घटनापीठाने राज्यांच्या बाबतीत हेच तत्त्व कायम ठेवलं.

ओबीसींनाही हाच न्याय आहे. शिक्षण-नोकरीसाठी परराज्यात गेलेला माणूस मूळ राज्याचाच ओबीसी समजला जातो. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, त्यामुळे तांबोळी, आतार, बागवान, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी बिरादरीतल्या मुलांच्या हाती दाखले आले. आम्ही तांबोळी. माझ्या पगाराकडे पाहून कुणी म्हणेल, तुला कशाला दाखला? उन्नत गटाचा निकष आहेच, तो लागू झाला तर झाला. पण मुलीच्या ओळखीचा पुरावा जपणं हे माझं काम आहे. त्याचा लाभ मिळतो की नाही हे पुढे नियम ठरवतील. आणि हा लेख वाचणाऱ्या सगळ्यांना आयटीचा पगार नाही.

महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी आपलं कुटुंब या राज्यात राहत होतं, हे कागदाने दाखवावं लागतं. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार शोधावे लागतात. आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग भावकीतल्या दुसऱ्या कुणाच्या नोंदीत तांबोळी शब्द सापडतो का ते पाहायचं, वंशावळ जुळवायची, प्रतिज्ञापत्र करायचं. हे काम हैदराबादच्या फ्लॅटमध्ये बसून होत नाही. त्यासाठी झेडपीच्या शाळेत, तलाठ्याकडे, तहसीलला, प्रांत कार्यालयात स्वतः खेटे घालावे लागतात. आज ज्यांना ती भावकी तोंडपाठ आहे ते चुलते आणखी वीस वर्षांनी सांगायला असतील का? म्हणून माझ्या यादीत ट्रकच्या वर आजोबांचा निर्गम उतारा आहे.

दुसरी गोष्ट मुलांच्या इयत्तेची. भाड्याचा फ्लॅट कधीही बदलता येतो, शाळेची वर्षं परत येत नाहीत. महाराष्ट्रात राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा तर अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेली असणं ही सर्वसाधारण अट आहे, काही अपवाद वगळता. तेलंगणात स्थानिक विद्यार्थी ठरायला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथे शिकलेलं असावं लागतं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. आता दहावीनंतर पुण्याहून हैदराबादला गेलेल्या मुलाचं काय होतं पाहा. बारावी तिकडची, म्हणून इथे बाहेरचा. चार वर्षं भरत नाहीत, म्हणून तिथेही बाहेरचा. आई-बापाच्या बदलीची तारीख मुलाच्या वाट्याला आलेली जागा घालवू शकते. मुलं हलवायचीच असतील तर नववी सुरू होण्याआधी हलवा, नाहीतर बारावी होऊ द्या. आणि ज्या राज्यात जाता तिथला नियम त्या वर्षी पुन्हा वाचा.

तिसरी गोष्ट मताची. आपली मुलं बंगळुरूला, हैदराबादला जातात आणि 'गावाकडे नाव आहे ना' म्हणून निर्धास्त राहतात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० प्रमाणे मतदार नोंदणी 'सर्वसाधारण निवासा'वर ठरते. गावात घर आहे एवढ्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. तात्पुरता बाहेर असलात तर नाव जात नाही. पण बिऱ्हाडासकट गेलात तर ते हलवणंच योग्य. त्यासाठी नमुना ८ आहे. नव्या शहरात नवा मतदार म्हणून नमुना ६ भरू नका. जुनं नाव तसंच राहून दोन ठिकाणी नोंद होते, आणि तो गुन्हा ठरू शकतो. बिहारमध्ये २०२५ साली विशेष सखोल पुनरीक्षण झालं तेव्हा मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली. मृत, दुबार आणि कायमचे स्थलांतरित, ही त्यामागची कारणं सांगितली गेली. ती नावं कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट २०२५ रोजी द्यावा लागला. यातून एवढं घ्या की गाव सोडून गेलेल्या माणसाचं नाव कधी कटेल हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. नमुना ८ आपण होऊन भरला की नाव हलतं, गळत नाही. आणि घरातल्या बाईचाही भरा. नवऱ्याचं नाव शहरात, बायकोचं सासरी किंवा माहेरीच, अशी घरं आपल्यात थोडी नाहीत.

चौथी गोष्ट नावांची आणि निकाहाची. एकाच माणसाचं नाव शाळेत महंमद, आधारवर मोहम्मद, पासबुकात नुसतं 'मो.' असतं. मराठी मास्तराने ऐकून लिहिलं, बँकेतल्या कारकुनाने आपल्या पद्धतीने इंग्रजीत उतरवलं. गावात सगळे ओळखतात म्हणून चालून जातं. परराज्यात खिडकीपलीकडच्या माणसाला तुम्ही म्हणजे फक्त ते स्पेलिंग असता. नाव एकसारखं करून घेणं, गरज पडली तर राजपत्रात देणं, हे इथेच उरका. तसंच निकाहनाम्याचं. तो आपल्याला पुरेसा वाटतो, पण महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार प्रत्येक धर्माच्या लग्नाची नोंदणी होते आणि गावात ती ग्रामपंचायतीतून करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले आहेत. पासपोर्ट, विमा, वारसा, आणि वेळ आली तर बायकोचा पोटगीचा दावा, सगळीकडे हा एक कागद तिच्या बाजूने बोलतो. अनोळखी शहरात तिचं माहेर हाकेच्या अंतरावर नसतं. तेव्हा तो तिच्या फाइलमध्ये, तिच्या हातात असावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला तेव्हापासून आपण कागदांच्या भीतीतच जगतो आहोत. तू आणखी कागद गोळा करायला सांगतोस? मी उलट म्हणतो. भीतीने गोळा केलेला कागद कपाटात लपवला जातो. हक्कासाठी गोळा केलेला कागद खिडकीवर ठेवून काम मागितलं जातं. आणि ओझं फक्त नागरिकाने वाहावं, असंही माझं म्हणणं नाही. सरकारला मनात आलं तर हक्क राज्याची सीमा ओलांडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात चालायला लागलं, आणि २०२२ पर्यंत देशभर. २०२१ मध्ये गाड्यांसाठी बीएच मालिका आली. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांनाही ती मिळते. धान्य हलू शकतं, नंबर प्लेट हलू शकते, तर बदलीमुळे दोन्हीकडे बाहेरच्या ठरलेल्या विद्यार्थ्याची सोय का होऊ शकत नाही? ही मागणी आपल्या चळवळीने धरावी. ती फक्त मुसलमानांची नाही. ऊसतोड कामगारापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांची आहे.

मागणी करताना आपलं गावही पाहावं लागेल. सणसवाडी, कोरेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले हजारो हात आहेत. आमच्या गल्लीबोळांतल्या खोल्या त्यांच्या भाड्यावर उभ्या राहिल्या. पण खोली देताना लेखी करार करून देणारे घरमालक थोडे. कराराशिवाय त्या माणसाला गॅस, बँक, मतदार नोंदणी, सगळीकडे अडतं. राज्याचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ जिथे लागू आहे तिथे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकावरच आहे. जिथे नसेल तिथे माणुसकी लागू आहे. जूननंतर हैदराबादेत मीही परप्रांतीय असेन. घर शोधताना नाव विचारलं जाईल, मग गाव. कोरेगाव भीमा म्हटलं की समोरचा १ जानेवारी २०१८ बद्दल विचारणार, हे मला आताच ठाऊक आहे. नाव आणि गाव बाजूला ठेवून मला नुसता भाडेकरू म्हणून पाहावं, ही माझी अपेक्षा आहे. मग आपल्या खोलीत राहणाऱ्या बिहारी मजुराचीही आपल्याकडून तीच अपेक्षा असणार.

राहता राहिली भाषा. मुसलमान म्हटलं की हैदराबादेत लोक गृहीत धरतील की घरात उर्दू असणार. मुलीच्या दादी-नानीची बोली दख्खनी आहे, शाळेची भाषा मराठी. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू शिकणं सक्तीचं झालं आहे, आणि ते मला मान्य आहे. आपणही महाराष्ट्रात २०२० मध्ये मराठीसाठी तसाच कायदा केला. तेलुगू ती शिकेल, आम्हीही शिकू. त्यासाठी मराठी सोडायची गरज नाही. त्या शहरात १९०७ पासून विवेक वर्धिनीसारखी मराठी माणसांनी उभी केलेली शिक्षणसंस्था आहे. मराठी मुसलमान ही ओळख कुठल्याच दाखल्यावर येत नाही, म्हणून ती घरात बोलून, वाचूनच टिकवावी लागते. खोक्यांमध्ये किशोरचे अंक आणि तिची चौथीची बालभारती आधी भरली जाणार आहेत.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती ऑफर लेटर असेल तर ट्रकवाल्याला फोन करायच्या आधी दोन रजा टाका. एक दिवस शाळा आणि तलाठ्यासाठी, एक दिवस ग्रामपंचायत आणि तहसीलसाठी. घरात कुणी वयस्कर असेल तर त्यांच्याजवळ बसून वंशावळ लिहून घ्या. आणि तुमच्या चाळीत कुणी दूरच्या राज्यातून आलेला भाडेकरू असेल, तर जाण्याआधी त्याच्या हातात करार द्या.